गवती चहाची गाडी आणि काओनूचा अर्ज

मी एक जुनी, चार दारांची गाडी आहे, मित्रांनो. उजवा आरसा चिकटपट्टीने धरून ठेवलेला, मागचा बंपर एका कोपऱ्यात चेपलेला, आणि रंग? कारखान्याच्या कागदावर तो 'सोनेरी' असा लिहिला होता. पण आमच्या फ्रेझ्नो गावच्या उन्हाने त्याचे जे केले, ते खऱ्या सोन्यालाही सोसले नसते. आता कोणी रंग विचारला की माझी मालकीण काओनू म्हणते, "धुतल्यावर सांगते." आणि धुण्याचा योग काही येत नाही.

माझी पहिली मालकीण एका शाळेतली बाई होती. तिच्याकडे मी फार लाडात वाढले. दर रविवारी आंघोळ, आत काही खायचे नाही, चिखलाचे बूट घालून बसायचे नाही. लोक थांबून म्हणत, "काय नवीकोरी ठेवली आहे!" अशी स्तुती ऐकून माझे डोके थोडे फिरले होते, हे कबूल करते. मग बाई निवृत्त झाली, लेकीकडे राहायला गेली आणि तिने मला तुगेर लोर नावाच्या गृहस्थाला विकले.

तुगेरने घरी नेल्या नेल्या माझी मागची बाके काढली आणि त्या जागी गवती चहाच्या जुड्या रचल्या. त्यावर कारली, हातभर लांब चवळीच्या शेंगा, मिरच्यांच्या पाट्या. मी नाक मुरडले, पण ऐकतो कोण! तो वास जो माझ्यात बसला, तो आजतागायत गेलेला नाही. पुढे मलाच तो आवडू लागला. नुसते चमकत उभे राहण्यापेक्षा भरून चालण्यात जास्त मजा असते, हे मला तुगेरच्या शेतावर कळले.

तुगेर मोठ्या आवाजाचा माणूस. चालवताना मला शिव्या द्यायचा आणि उतरताना टपावर थाप मारायचा. त्याने पुढे मोठी व्हॅन घेतली आणि मला आपल्या पुतणीला देऊन टाकले. देऊन टाकले असे तो म्हणतो. दुसरी किल्ली मात्र त्याने स्वतःच्याच खिशात ठेवली.

ही पुतणी म्हणजे काओनू. तिचे वडील, तुगेरचे थोरले भाऊ, ती शाळेत असतानाच गेले. घरात ती आणि तिची आई युआ, दोघीच. युआ गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर भाजी पिकवते आणि दर शनिवारी पहाटे बाजारात विकते. तिला गाडी येत नसे. आधी नवऱ्याच्या शेजारी बसली, मग दिराच्या, मग मुलीच्या. उजवीकडचे, म्हणजे आमच्याकडे चालवणाऱ्याच्या शेजारचे, बाक तिच्या बसण्याने खोलगट झाले आहे.

काओनू गावातल्या कम्युनिटी कॉलेजात जायची. तिथे कोणालाही प्रवेश मिळतो. दोन-तीन वर्षे शिकायचे आणि मग उरलेल्या पदवीसाठी मोठ्या विद्यापीठात अर्ज करायचा. तुगेर त्या कॉलेजला 'तेरावी-चौदावी' म्हणायचा.

"काय गं, तेरावी संपली का?"

"काका, मला माती शिकायचीय. खाडीकाठच्या विद्यापीठात."

"माती? ती तर आपल्याकडे पोत्याने आहे. शिकायला तिकडे कशाला जायला हवं?"

पण काओनूचे मन मातीतच होते. युआच्या शेताच्या एका कोपऱ्यात मिरची दर वर्षी पिवळी पडायची. पाणी तेच, खत तेच, तरी पिवळीच. हिने त्या कोपऱ्याची माती डब्यात भरून कॉलेजात नेली, तपासली, पुन्हा नेली. माझ्या डिकीत त्या डब्यांचा इतका खडखडाट असे की मला वाटे, माझाच एखादा भाग सुटला. खाडीकाठच्या विद्यापीठात मातीचा अभ्यास उत्तम होतो. मात्र तिथे दारात उभे राहणारे पुष्कळ आणि आत जाणारे थोडे. तिथे जायचे हे काओनूने ठरवले होते, आणि माझ्या आयुष्यातली पुढची सगळी धावपळ त्यापायीच झाली.

कॉलेजात अशा अर्जांना मदत करणारे बेटनकोर्ट सर होते. गाई-दूधवाल्यांच्या घरातला माणूस. त्यांच्या खोलीबाहेर कायम रांग, म्हणून ते बरेचसे बोलणे वाहनतळावर, माझ्या बॉनेटला टेकून, हातातले सँडविच खात उरकायचे. ऑक्टोबरात एके दुपारी त्यांनी काओनूचे विषय तपासायला घेतले आणि घास तसाच तोंडात राहिला.

"हा रसायनशास्त्राचा दुसरा भाग तू कुठे केलास?"

"उन्हाळ्यात, शेजारच्या गावच्या कॉलेजात. इथे वर्गच भरला नव्हता. सर, 'ए' मिळालाय मला."

"'ए' असला तरी वांधा झालाय. मधेच कॉलेज बदललंस ना." सरांनी सँडविच खाली ठेवले. "पहिला भाग इथे, दुसरा तिथे. आपल्याला वाटतं, दोन्ही मिळून एक झालं. ते असं धरत नाहीत. दोन्ही भाग एकाच कॉलेजातले असले तरच एक विषय पुरा. नाहीतर दोन्ही पाण्यात."

मित्रांनो, दोन कॉलेजांत धावणारी मुले ही चूक हमखास करतात. मी स्वतः तिला त्या उन्हाळ्यात रोज तिकडे पोचवले होते, तापत, धापा टाकत. म्हणजे माझाही हात होताच म्हणायचा.

तुगेरला कळल्यावर तो एवढेच म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या." युआला मात्र पटेना.

"शिकलीस ते शिकलीस ना? मग धरणार नाहीत म्हणजे काय? आता ते विसरायचं का?"

"विसरायचं नाही गं आई. दुसरा भाग पुन्हा करायचा. इथल्या कॉलेजात, जानेवारीपासून."

"मग कर की."

काओनूने मला सिग्नलला थांबवले. मग चाकावर बोटे आपटत म्हणाली, "वर्ग शनिवारी सकाळी आहे. एकच आहे."

शनिवारी सकाळी बाजार. वर्षभराचे घर त्या एका दिवसावर चालते. युआ घर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. उतरताना काओनू म्हणाली, "जाऊ दे. मी गावातल्याच विद्यापीठात अर्ज करते. तिथे चालतं हे सगळं." तिचा आवाज इतका साधा होता की मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी युआ पायी दिराच्या घरी गेली. परत आली ती तुगेरला घेऊनच, आणि तो तोंड वाकडे करून माझ्या उजव्या बाजूला बसला. त्या बाजूला तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता.

"वहिनी, या वयात?"

"भावोजी, शिकवायचं तर शिकवा. वय मी घरी ठेवून आलेय."

एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर शिकवणी सुरू झाली. ती आठवली की अजून माझे स्प्रिंग दुखतात. "ब्रेक, वहिनी, ब्रेक! अहो तो वायपर! पाऊस आहे का?" तुगेरच्या पायाखाली ब्रेक नव्हता, पण तो असल्यासारखा पाय दाबत बसायचा, आणि घरी गेल्यावर गुडघा चोळायचा. बंपरचा कोपरा चेपला तो तिथेच. सामानाच्या ढकलगाड्यांची एक रांगच्या रांग आम्ही आडवी केली. तुगेर खाली उतरला, माझा कोपरा पाहिला आणि म्हणाला, "देवाने मला भाऊ दिला आणि भावाने मला हे दिलं!" युआ मात्र हसत नव्हती. ती दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसली होती. "पुन्हा करू," एवढेच ती म्हणायची. नियमांच्या परीक्षेत नापास झाली तेव्हाही तेच म्हणाली.

आई असे काही करते आहे हे पाहून काओनूने खाडीकाठचा अर्ज पुन्हा उघडला. नोव्हेंबर संपायच्या आत तो पाठवायचा होता, आणि अर्जात स्वतःविषयी काही उत्तरे लिहून द्यायची होती. 'तुमच्या लोकांचं लिही, लढाईचं लिही, नदी ओलांडल्याचं लिही,' असे तिला वर्गातल्या मुलांनी सांगितले, कारण तिच्या घरचे लोक लढाईतून पळून, मेकाँग नदी ओलांडून या देशात आलेले. तिने लिहिले. एकदा आईची वाट बघत शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माझ्यातच ती ते मोठ्याने वाचत होती. युआ माती झटकत आत येऊन बसली.

"काय वाचतेस?"

"तुझंच आहे. सांगू? 'गोळ्यांच्या वर्षावात माझ्या आईने रात्रीच्या काळोखात मेकाँग नदी पोहून पार केली...'"

"मी?" युआने मागे वळून पाहिले, जणू आणखी कोणी बसले असावे. "मी कधी पोहले? मी तीन वर्षांची होते. होडीत होते. आणि रडू नये म्हणून औषध दिलेलं, म्हणून झोपले होते."

"आई! मग मला लहानपणी काय सांगितलंस?"

"ते तुझ्या आजीने सांगितलं. आजीला गोष्ट फुलवून सांगायची सवय होती." मग ती म्हणाली, "आजीला खरंच फार त्रास झाला. पण तिने कुठे अर्ज केलाय? अर्ज तर तुझा आहे."

बेटनकोर्ट सरांनीही ते वाचून जवळजवळ तेच सांगितले. "चांगलं लिहिलंयस. पण तू यात कुठेच नाहीस." काओनूला राग आला. तिने माझे दार इतक्या जोरात आपटले की आरसा निखळला. चिकटपट्टी आली ती तेव्हापासून. राग ओसरल्यावर तिने पिवळ्या मिरचीचे लिहिले. डब्यांचे लिहिले. एका वर्षी तिचा अंदाज साफ चुकला आणि अख्खी ओळ करपली, तेही लिहिले. त्यात ना गोळ्या होत्या, ना नदी. दोन कॉलेजांत विषय अर्धा-अर्धा केल्याची चूकही तिने सरळ सांगून टाकली आणि खाली लिहिले की हा भाग मी जानेवारीपासून पुन्हा करणार आहे.

जानेवारीत आमच्याकडे धुके पडते. नुसते धुके नव्हे, समोर म्हैस उभी असली तरी शिंग लागेपर्यंत कळणार नाही असे धुके. अशा धुक्यात, नवा परवाना पर्समध्ये ठेवून, युआ पहिल्या शनिवारी माझ्या चाकामागे बसली. काओनूला कॉलेजच्या दारात सोडले आणि मग आम्ही दोघी भाजी घेऊन बाजाराला निघालो. काच खाली, मान बाहेर, मागे हॉर्नवर हॉर्न. हायवेवर ती चढलीच नाही. गावातल्या रस्त्यांनी, प्रत्येक सिग्नलला थांबत, उशिरा पोचलो. शेजारच्या दुकानवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कुठे तिने चाक सोडले. त्या दिवसापासून हायवे हा शब्द तिच्यापुढे कोणी काढला नाही.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. काओनू कॉलेजच्या वाहनतळावर माझ्यातच बसून फोन बघत होती. तिने एकदा वाचले, पुन्हा वाचले, आणि चाकावर डोके टेकले. माझा हॉर्न लांबलचक वाजला आणि झाडावरचे कावळे उडाले. तिला खाडीकाठच्या विद्यापीठाने घेतले होते! शनिवारचा विषय नीट पुरा करायचा, एवढीच अट. मी इतकी खूष झाले, मित्रांनो, की त्या दिवशी पहिल्या फटक्यात सुरू झाले.

पण घरी जाऊन तिने काय सांगावे? "आई, मला गावातल्या विद्यापीठात मिळालं." तेही खरे होते; तिथलाही निकाल आला होता. युआला आनंद झाला. तिने औषधी पाला घालून कोंबडी शिजवली, चिकट भाताची टोपली मधे ठेवली, तुगेर आला, दारात उभ्या असलेल्या मला सगळे हसणे ऐकू आले. दुसऱ्या निकालाचे कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते मला आणि बेटनकोर्ट सरांना.

सर बॉनेटला टेकून म्हणाले, "जागा घ्यायची की नाही, हे एक जूनपर्यंत कळवायचंय. थांबलीयस कशाला?"

"सर, मी गेले तर ती एकटी. पाट्या कोण उचलेल? हायवेवर तर ती चढतच नाही. काही झालं तर मी तीन तासांवर."

"आईला विचारलंस?"

"विचारलं तर ती जा म्हणेल."

सरांनी उरलेले सँडविच कागदात गुंडाळले. मला पुष्कळ बोलायचे होते. पण गाडीला हॉर्न असला तरी तो दाबणारा हात दुसऱ्याचा असतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी बाजारात, युआच्या पाट्यांमागे, डिकी उघडी टाकून उभी होते. गर्दीतून बेटनकोर्ट सर आले. मिरच्या घेतल्या आणि आनंदाने युआचा हात धरून हलवू लागले. एव्हाना घरी सांगून झाले असेल, अशीच त्यांची समजूत होती.

"अभिनंदन! खाडीकाठचं विद्यापीठ! तिकडे फार थोड्यांना घेतात हो."

युआचे इंग्रजी बाजारापुरते आहे, पण विद्यापीठाचे नाव तिने वर्षभर माझ्यात बसून ऐकले होते. "तिकडे? माझी मुलगी?" तिने विचारले. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी होकाराची मान हलवली. काय झाले ते त्यांना कळले होते.

युआने उरलेली भाजी विकलीच नाही. गवती चहा, शेंगा, कारली, सगळे डिकीत कोंबले आणि वर्ग सुटायच्या आधीच आम्ही कॉलेजच्या दारात हजर झालो. काओनू येऊन उजवीकडे बसली.

"आज लवकर आवरलंस? एवढा माल उरला?"

"हं."

घराचे वळण आले आणि गेले.

"आई, आपलं वळण मागे राहिलं."

"माहीत आहे."

"मग कुठे चाललोय?" एवढ्यात हायवेची चढण समोर आली, आणि काओनू किंचाळली, "आई, हा हायवे आहे!"

"वाचता येतं मला." युआने चाक असे धरले होते की माझे कातडे आवळले गेले. "किती लांब आहे, ते बघते."

मग मी धावू लागले. उजवीकडून ट्रक, डावीकडून ट्रक, आणि मधे मी, भाजीने भरलेली. मदेरा गाव गेले, मर्सेड गेले. काओनू काय ते समजली आणि रडू लागली. युआने तिच्याकडे पाहिले नाही, कारण रस्त्यावरून नजर काढायची तिची छाती नव्हती.

"तुला एकटीला टाकून कशी जाऊ?" काओनू म्हणाली.

"आणि तू घरीच बसणार होतीस, तर मी भावोजींच्या शिव्या कशाला खाल्ल्या? हौस म्हणून?"

"तू बाजारासाठी शिकलीस ना!"

"बाजाराला भावोजींची व्हॅन होती की. मागितली असती तर त्यांनी नेलं असतं." युआचा आवाज फाटला. "तू जावंस म्हणून शिकले मी. आणि तू माझ्याशी खोटं बोललीस. कोंबडी खाल्लीस वर!"

यावर काओनूला रडता रडता हसू आले. तेवढ्यात फोन वाजला. तुगेर होता, आणि फोन कानाला न लावताही त्याचा आवाज भरून राहिला. "बाजारात तुझी आई नाही, माझी गाडीही नाही! कुठे आहे गाडी?"

"काका, आम्ही हायवेवर आहोत."

"चालवतंय कोण?"

"आई."

मग तुगेर एकदम हळू आवाजात म्हणाला, "तिला सांग, उजव्या बाजूने, हळू गाड्यांच्या रांगेतून चाल म्हणावं. ट्रकला घाबरायचं नाही. आणि पवनचक्क्यांचा चढ लागला की एसी बंद करा, ती तापते."

त्या चढावर मी खरोखर तापले. काटा लाल रेघेला टेकला. एसी बंद, काचा खाली, वारा इतका की डिकीतला गवती चहासुद्धा घमघमू लागला. माझ्या मनात आले, इथे बसकण मारावी. माझ्या वयाला ते शोभलेही असते. पण आज थांबलो तर ही बाई पुन्हा हायवेवर येणार नाही, आणि ती आली नाही तर ही मुलगी कुठेच जाणार नाही, हे मला कळत होते. मी चढले.

ऊन उतरता उतरता आम्ही विद्यापीठाच्या दारात पोचलो. युआने मला कडेला लावले, इंजिन बंद केले आणि प्रथमच मुलीकडे तोंड वळवले.

"हेच का ते?"

"हेच."

"मग?" ती म्हणाली. "एवढंच ना?"

काओनूने आईच्या खांद्यात तोंड खुपसले. त्याच क्षणी माझा रेडिएटर उतू गेला आणि बॉनेटखालून वाफेचा मोठा ढग निघाला. येणारीजाणारी मुले धावत आली, कोणी पाण्याच्या बाटल्या आणल्या. युआने प्रत्येकाच्या हातात शेंगांची एकेक जुडी दिली. मी निवेपर्यंत काओनू फुटपाथवर बसून फोनवर आपली जागा पक्की करत होती, आणि युआ शेजारी बसून विचारत होती, "दाबलंस का? नीट दाब."

ऑगस्टमध्ये आम्ही तिला सामानासकट पोचवले. येताना युआ आणि मी, दोघीच होतो. मर्सेडपर्यंत ती रडली आणि मर्सेडनंतर तिने रेडिओ लावला. आता दर काही महिन्यांनी आम्ही जातो, भाताची टोपली आणि मिरच्या देऊन येतो. तुगेर निघण्याआधी टपावर थाप मारतो आणि माझ्यात पाणी भरतो. तेल मात्र बघायचे विसरतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या दारातल्या जुन्या गाडीचे पाणी आणि तेल दोन्ही बघत जा. ती कुरकुरते, पण ओझे टाकत नाही. आणि तुमच्या घरातले कोणी मोठे माणूस उतारवयात काही नवे शिकायला बसले, अडखळले, पुन्हा बसले, तर त्याच्या शेजारी जरा शांतपणे बसा. तो खटाटोप कदाचित तुमच्यासाठीच चाललेला असेल.